बिब्बा डागायचा असतो, सारवायचा नसतो

आमच्यात सुतकात पायात वहाण घालत नाहीत. बायको गेली तेव्हा मीही घातली नाही. तेरावा झाला, मुलानं दारात नव्या चपला आणून ठेवल्या. पण माझी जुनी जोडी तिच्या जोडीला लागून होती. माझी उचलली तर तिची एकटी राहील, म्हणून दोन्ही तशाच ठेवल्या आणि अनवाणी रानात गेलो. हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचंय?

पळायला लागलो ते एस्टीमुळं. हिर्डोशीच्या अंगाला आमची वाडी, गाड्या मोजक्याच. भोरला गोळ्या आणायला निघालो तर गाडी वळणावर सुटलेली दिसली. ओरडत मागं पळालो. गाडी गेली ती गेलीच, पण उभा राहिल्यावर ध्यानात आलं, की पळत होतो तेवढा वेळ मला घर आठवलं नाही. अनवाणी पळणाऱ्याला खाली बघावं लागतं. खडा कुठं, काच कुठं, शेण कुठं. डोक्यात दुसरं काही मावत नाही. ती गेल्यापासनं एवढा मोकळा वेळ मला मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी एस्टी नसतानाच पळालो.

लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं नवस बोललाय. पारावर माझ्या वयाचा एक दोस्त बसतो. तो म्हणाला, "काय रं, पोलीस भरती हाय का?"

"हाय. तुलाच पकडायचाय."

पण तळवे सोलवटले. जन्म शेतात गेला, तरी पाय शेतकऱ्याचे राहिले नव्हते. कैक वर्षं रबरी बुटात राहून लोण्यासारखे झालेले. म्हटलं, तळवा निबर करावा, आणि त्याला औषध म्हणजे बिब्बा. काटा मोडला की ती बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायची, तेल सुटलं की नेमकी काट्याच्या जागी टेकवायची. मी बोंबलायचो. "बोंबला अजून," ती म्हणायची, "गावाला कळू द्या की काटा मोडलाय." मग ती जागा दुखायची नाही, वर कातडी टणक व्हायची. मी विचार केला, एका ठिपक्यानं एवढी टणक होते, तर सगळ्या तळव्याला लावला की बूटच तयार. तिच्या डब्यातले बिब्बे काढले, तापवून ठेचले आणि फडक्यानं दोन्ही तळव्यांना चोळले.

बिब्बा उतला. तळवे भाकरीसारखे फुगले, फोडांत पाणी भरलं, खाज अशी की पाय तोडून टाकावेत. रांगत दारापर्यंत आलो. शेजारी थोरल्या भावाची बायको राहते, तिनं बघितलं.

"ह्ये काय केलं, भावजी?"

"बिब्बा लावला."

"कुठं?"

"सगळीकडं."

वहिनीनं कपाळावर हात मारला. "अवं, बिब्बा डागायचा असतो, सारवायचा नसतो! भुई हाय का ती?"

तिनं खोबरेल चोपडलं, सुकं खोबरं खायला लावलं. उठताना म्हणाली, "ती असती तर लई हसली असती बघा."

रविवारी पुण्याहून मुलगा आला. पाय बघून त्यानं माझ्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. "आप्पा, बास झालं आता. तुमी एकटं राहू शकत न्हाई. गाडीत बसा."

पुण्यात त्याचा फ्लॅट चांगला आहे. सूनही चांगली आहे. पण तिथं मला खुर्चीत बसवतील आणि मी दिवसभर बायकोचा विचार करत बसेन. ती हितंच आहे असली बडबड मी करत नाही. ती गेली. पण तिला आठवायचं तर मला हितं आठवायचंय, आणि विसरायचं असलं तरी हितंच.

मी म्हणालो, "वर्षश्राद्धाला ये. त्या दिवशी दारातनं खिंडीतल्या देवीपर्यंत पळत जातो. अनवाणी. वाटेत खाली बसलो तर तुझ्या गाडीत बसतो."

"आन् न्हाई बसला तर?"

"तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई."

तो हसला. पुढच्या खेपेला त्यानं पळायचे बूट आणले, जाड तळाचे. मी खोक्यासकट फळीवर ठेवले.

फोड वाळले, खालनं गुलाबी कातडी आली. या वेळी बांधावरनं सुरुवात केली. भाताची रोपं घेऊन बांधावरनं जाताना टाच टेकली की माणूस खाचरात पडतो. चवड्यावर चालायचं, पाऊल लहान टाकायचं, हे आमच्याकडं पोराला पण ठाऊक. रस्त्यावर मात्र मी टाचा आपटत होतो, म्हणून गुडघे बोलत होते. बांधावरचा तोच पाय आधी मातीच्या वाटेवर नेला, मग खडीवर. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, बसलो. हळद-तेल लावून वाळवल्या, उठलो. थंडीत पोटरी धरली, पुन्हा बसलो.

"भरती रद्द झाली का रं?" दोस्तानं विचारलं.

"तारीख पुढं गेली."

वर्षश्राद्धाला पान ठेवलं, कावळा शिवला. मी धोतर खोचलं आणि निघालो. मुलगा मागं, हातात ते बुटाचं खोकं. ओढ्यापर्यंत बरं गेलं. मग चढ लागला, श्वास फाटला. खिंड दिसायला लागली आणि करवंदीचा काटा चवड्यात घुसला. बाजूला बसायला मस्त कातळ होता, मेला मुद्दाम आणून ठेवल्यासारखा. मी झाड धरून एका पायावर उभा राहिलो. काटा ओढला, अर्धा आतच मोडला.

मुलगा धापा टाकत आला. "आप्पा, बसा घटकाभर. मी ते पैजेत धरत न्हाई."

"तू न्हाई धरत. मी धरतो."

त्याला पळणं म्हणावं का, ठाऊक नाही. लंगडत, दात खात, पण चालीपेक्षा जोरात गेलो. देवीच्या पायरीला हात लावला, तेव्हाही उभाच होतो.

"खाली जायला गाडी बोलावू?" मुलगा म्हणाला.

"तुला पायजे तर बोलाव."

दोघंही चालत उतरलो.

घरी वहिनीनं सुई, बिब्बा, दिवा मुलाच्या पुढं सरकवला. त्यानं सुई टोचून बिब्बा दिव्यावर धरला. "किती लावू, काकी?"

"ठिपका. बापासारखा सारवू नको."

त्यानं टेकवला आणि मी बोंबललो. त्यावर बायकोचं बोलणं यायला पाहिजे होतं. ते आलं नाही. जराशानं वहिनी म्हणाली, "कळलं गावाला."

संध्याकाळी मुलगा निघाला. कापूरहोळला हमरस्त्यावर गर्दी लागायच्या आत जायचं म्हणाला. पुण्याचं नाव काही काढलं नाही. गाडी सुरू करून काच खाली घेतली. "पुढच्या खेपेला काय आणू, आप्पा?"

"ते बूट घेऊन जा," मी म्हणालो, "आन् खोबरेल आण."