दोघांनी ओढायचं शटर

हिनं आणि मी शेवटचं मिळून काय केलं, तर गॅरेजचं शटर ओढलं. एकट्यानं ओढलं की ते तिरकं होऊन अडकायचं, म्हणून एका बाजूला ही, एका बाजूला मी. "जोर लावा की, जेवला नाहीत का?" म्हणाली. त्याच दुपारी छातीत कळ येऊन ती गेली.

आता समोरच्यांचं शटरही तसंच अडकतं. रोज सकाळी नवरा हाक मारतो, बायको पिठाच्या हातानं बाहेर येते.

"तुमची बाजू उचला आधी!"

"तूच लोंबकळतेस त्याला!"

मी ओट्यावर बसून बघतो आणि जळतो. खोटं कशाला बोलू? आपलं माणूस गेल्याचं दुःख चारचौघांत सांगता येतं. दुसऱ्याचं माणूस आहे म्हणून पोटात दुखतं, ते कुणाला सांगायचं?

काल शटर वर गेल्यावर ती हसत हसत त्याच्या खांद्यावर टेकली.

आज सकाळी मी हातोडी आणि तेल घेऊन त्यांच्याकडं गेलो. बाजूच्या चॅनलमधली माती खरवडली, चेपलेला पत्रा सरळ केला, तेल सोडलं. शटर एका हातानं सर्रकन वर गेलं.

"काका, देवासारखे आलात," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलंच नाही. नवऱ्याला म्हटलं, "आता हिला हाक मारायची गरज नाही."