उंबरठा नसलेली खोली

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटावरची गाठ रत्नागिरीत काढली. डॉक्टर म्हणाले, "टाके ओले आहेत. आजची रात्र इथेच राहा. त्याला उडी मारू देऊ नका, भांडू देऊ नका. टाके तुटले तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि या वयात ती त्याला सोसेल असं सांगता येत नाही." शेवटचं वाक्य आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकलो. तिने ऐकलंच. मी मुंबईला नोकरीत. खेडजवळच्या आमच्या घरात ती आणि हा कुत्रा, एवढेच.

कुत्र्यामांजरांना घेणारं हॉटेल मी फोनवर शोधून ठेवलं होतं. मॅनेजर गोड बोलला, पण कुत्रं खोलीतच ठेवायचं, पॅसेजमध्ये नाही, हे बजावलं. "तुमच्या समोरच्या खोलीत मोठा कुत्रा आहे, जरा तापट आहे. समुद्रावर फिरायला नेलंय, येतीलच एवढ्यात."

खोलीचं दार उघडलं. आईने चपला बाहेर काढल्या, हातातली काठी खाली ठेवली आणि भिंत धरत पलंगावर जाऊन टेकली. मी पिशव्या आत टाकल्या. कुत्रा दारापर्यंत आला आणि बसला.

बिस्किट दाखवलं, गोंजारलं, दटावलं. ढिम्म. पट्टा ओढला तर मान आखडून घेतली. उचलायला पोटाखाली हात घातला तर असा कळवळला की मी घाबरून हात काढला. बँडेजवर लाल ठिपका दिसत होता. मला त्याचा भयंकर राग आला. साहेबांना एसी खोली घेऊन दिली, तर यांना पॅसेज हवा.

खाली कुठेतरी भारदस्त भुंकणं ऐकू आलं आणि लिफ्ट सुरू झाली. आमच्याचे कान टवकारले, मानेवरचे केस उभे राहिले. तो गुरगुरत उठायला लागला.

"अगं, तू तरी बोलव ना त्याला आत!" मी आईवर ओरडलो.

"मी कदी बोलावलाय त्याला घरात?" ती म्हणाली. ती दाराकडे बघत होती.

दारात तिची काठी आडवी पडली होती.

आमच्याकडे दार दिवसभर सताड उघडं असतं. आई चुलीपाशी गेली की जाताना उंबरठ्यावर काठी आडवी टाकते. हा पिल्लू असताना त्याच काठीचे फटके खाऊन शिकला, की काठी आडवी असली की आत यायचं नाही. इथे उंबरठा नव्हता, नुसती गुळगुळीत फरशी होती, तरी तिचा हात सवयीनेच गेला. आणि मी घरी ओलांडतो तशीच ती काठी ओलांडत ये-जा करत होतो.

मी वाकलो तर म्हणाली, "तू नको. मी टाकलीय, मीच उचलीन." तिचे गुडघे वाकत नाहीत. चौकट धरून ती कशीबशी खाली बसली, काठी ओढून पलंगाखाली सारली आणि दोन्ही हात रिकामे करून त्याला दाखवले.

"ये," ती म्हणाली. "ये रे बाबा, आत ये."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. लिफ्ट थांबली. मग त्याने एक पाय आत टाकला, तो मागे घेतला, पुन्हा टाकला. तो पुरता आत येताच मी दार लोटलं. बाहेरून नखांचा टकटक आवाज गेला, एक भुंकणं दारावर आदळलं आणि समोरचं दार लागलं. मला रडू फुटलं. आई त्याच्या मानेवरून हात फिरवत तिथेच फरशीवर बसली होती. मग आम्ही दोघांनी मिळून तिला उठवलं, म्हणजे मी उठवलं आणि तो मध्ये आला.

टाके सुकले. घरी आता उंबरठ्यावर काठी नसते. कोंबड्या पूर्वीसारख्याच खुशाल आत शिरतात, तांदूळ टिपतात, शिव्या खातात. कुत्रा मात्र पडवीतच असतो. आई जेवताना आतून हाक मारते, तेव्हा तो उंबरठ्यापर्यंत येतो, शेपूट हलवतो आणि बाहेरच बसतो.

"येवढं नीट शिकवाया नको होतं रे," ती मला फोनवर म्हणाली. हल्ली ती ताट घेऊन पडवीतच जेवायला बसते.