शनिवारच्या गाडीतलं स्वयंपाकघर

राज्य नवं होतं. रायपूरला राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. वर्तमानपत्र सोडून मी शंकर नगरातल्या एका जाहिरात एजन्सीत मजकूर लिहू लागलो होतो. लिहिणारे आम्ही दोघंच. दुसरी माझ्याहून बरीच लहान. तिचे वडील रेल्वेत तिकीट तपासनीस, मूळचे गोंदियाकडचे. मालकांनी सांगून ठेवलं होतं, की तेलीबांध्यापलीकडे फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरचं काम ज्याच्या मजकुरावर टिकेल, तो लिहिणाऱ्यांचा प्रमुख. मला ती खुर्ची हवी होती. तिला ती मिळू नये, हेही हवं होतं.

पहिली जाहिरात माझी होती. 'नई राजधानी, नया पता.' खाली क्षेत्रफळ, अंतर, ताबा कधी. बातमीसारखंच, महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली. ग्राहक ठरलेला होता : भोपाळहून, म्हणजे जुन्या राजधानीतून, बदलून आलेले सरकारी कर्मचारी. पगार नियमित, राहायला भाड्याची खोली. रविवारी साइटवर तंबू ठोकला, सरबत ठेवलं. आले ते आसपासचे लोक. सरबत पिऊन गेले.

बिल्डर मला म्हणाला, "भाई साहब, पढ़ के लगता है सरकार ने टेंडर निकाला है."

ती हसली नाही. हसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मालकांना म्हणाली, "सर, आपण रविवारी तंबू लावून राहिलो, पण हे लोक रविवारी रायपुरात असतात कुठं?"

बहुतेकांनी मुलांच्या शाळेपायी कुटुंब भोपाळलाच ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने ते जात आणि सोमवारी सकाळी उतरून थेट ऑफिस गाठत. घर घ्यायचं की नाही, हे रायपुरात ठरतच नव्हतं.

तिने एक कागद छापून घेतला. त्यावर इमारत नव्हती, फक्त स्वयंपाकघराचा नकाशा होता. ओटा कुठे, नळ कुठे, खिडकी कोणत्या दिशेला. वर लिहिलं होतं, 'घर पर दिखा लीजिए.' खालचं अर्धं पान भोपाळच्या घरातल्या प्रश्नांसाठी कोरं. शनिवारी ती फलाटावर गेली. मालकांनी मला गठ्ठा धरायला पाठवलं.

"भैया, ये भाभीजी के लिए है," ती प्रत्येकाला सांगत होती. "आपके लिए तो ये दादा विज्ञापन लिखते हैं."

लोक हसत आणि कागद घेत. खिडकीतल्या एकाने तो नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच्या बर्थवर वर्तमानपत्र अंथरलं होतं. माझी जाहिरात वरच्या बाजूला होती आणि तिच्यावर पुऱ्या.

सोमवारपासून कागद परत येऊ लागले. अक्षरं बायकांची. 'तुलसी को धूप मिलेगी?' 'अम्मा की खटिया कहाँ लगेगी?' बिल्डर एकेक मोठ्याने वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. पुढे शाळांना सुट्टी लागली तेव्हा त्या बायका मुलांना घेऊन साइट बघायला आल्या. काम टिकलं.

मी तिला म्हटलं, "वडिलांनी सांगितलं असेल तुला. त्यांना गाडीतली गर्दी ठाऊकच." उत्तर 'हो' असावं, अशी माझी इच्छा होती. जे जन्माने मिळतं त्याचा हेवा करायला हरकत नसते.

"नाही न दादा. बाबा तर घरी गाडीचं नावही नाही काढत. मले तुमच्याच बातमीतून सुचलं. तुम्ही पेपरात असताना शनिवारच्या गाडीवर लिहिली होती न, ते. कापून ठेवली आहे मी."

बातमी माझीच होती. त्याच फलाटावर उभं राहून, लोकांना विचारून लिहिलेली. 'मकान का तो मैडम से पूछना पड़ेगा, मैडम भोपाल में हैं,' हे एका कारकुनाचं वाक्यही त्यात होतं. ते मी शेवटच्या परिच्छेदात टाकलं होतं. जागा कमी पडली तर कापता यावं म्हणून.

खुर्ची तिला मिळाली. पेढे तिनेच वाटले. पहिला माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "दादा, आता मले मॅडम म्हणसान का?"

"म्हणेन," मी म्हटलं, आणि म्हणालोही.

त्यानंतर माझा मजकूर तिच्या टेबलावरून जाऊ लागला. ती तो खालून वर वाचायची. शेवटच्या परिच्छेदातलं एखादं वाक्य पेन्सिलीने गोल करायची आणि बाण काढून मथळ्याजवळ न्यायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. कागद परत आला की मी आधी तो बाण शोधायचो. एखाद्या दिवशी तो नसला की दिवस चांगला जायचा.