मनगटाला झेपेल असं पिस्तूल

नीलांबरी बऱ्हाटे पिस्तूल घेणार ही बातमी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात पसरली तेव्हा निम्म्या लोकांना ती थट्टाच वाटली. मंडळाच्या गणपतीत दीडशे पानांच्या मसालेभाताला मीठ किती, हे जिला विचारायचं, जी घरातला कोळीसुद्धा कागदावर उचलून अंगणात सोडते, ती बाई आणि पिस्तूल? पण मे महिन्यात तिच्या घरी काय घडलं ते ज्यांना ठाऊक होतं, ते हसले नाहीत.

नीलांबरी मूळची अकोल्याची. लग्न करून केदारच्या मागोमाग अमेरिकेत आली, कॉम्प्युटरची पदवी असूनही सहा वर्षं व्हिसापायी घरात बसली. पुढे कामाची परवानगी मिळाली तशी गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीन तपासणाऱ्या एका कंपनीत लागली. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या हाताखाली नऊ माणसं होती आणि ती बहुतेक काम घरूनच, बेसमेंटमधल्या ऑफिसातून करायची. केदार ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत. सोमवारी पहाटे ओहायोच्या प्लँटला निघायचा तो शुक्रवारी संध्याकाळी परत. मुलगी आन्या कॉलेजला, हॉस्टेलवर. म्हणजे आठवडाभर घरात दोनच माणसं: नीलांबरी आणि तिचे सासरे, गुरुनाथ.

गुरुनाथ वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. त्यांचं खातं प्रूफ सेक्शन. तयार झालेल्या प्रत्येक लॉटमधली थोडी काडतुसं झाडून बघायची आणि लॉट पास की नापास ते कागदावर सही करून सांगायचं, हे त्यांचं काम. सासूबाई गेल्यावर केदारनं त्यांना इकडे आणलं, आणि दोन वर्षांत त्यांची आठवण उसवायला लागली. आधी नावं गेली, मग वार, मग मराठी सोडून बाकी भाषा. हात मात्र शाबूत होते. गॅस चालू करू नये म्हणून लावलेली झाकणं त्यांनी काढली, दाराला उंचावर बसवलेली कडी स्टुलावर चढून काढली, औषधांच्या पेटीचं आकड्यांचं कुलूप कानाशी धरून एका दुपारी उघडलं. केदार म्हणायचा, "बाबांना बंद काही बघवतच नाही."

मे महिन्यातला तो मंगळवार. सकाळचे अकरा. नीलांबरी खाली हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. बेल वाजली ती तिला ऐकू आली नाही, गुरुनाथांना आली. पिवळी जाकिटं घातलेले दोघे दारात उभे होते. गुरुनाथांनी त्यांना "या, बसा" म्हणून आत घेतलं, स्टीलच्या पेल्यांतून पाणी दिलं आणि स्वतः सोफ्यावर बसून राहिले. कॉफीसाठी नीलांबरी वर आली तेव्हा एक जण बेडरूममधून तिची दागिन्यांची बॅग घेऊन बाहेर पडत होता. ती किंचाळली. त्यानं तिला बाजूला ढकललं, ती जिन्यावरून चार पायऱ्या खाली कोसळली आणि उजवं मनगट मोडलं. मागून गुरुनाथांचा आवाज आला, "अहो, चहा तरी घेऊन जा!"

पोलीस भले होते. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे ओळखून अशा टोळ्या फिरतात, असं त्यांनी सांगितलं. "यू वेअर लकी," जाताना एक अधिकारी म्हणाला.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण हात थरथरायचा थांबला नाही. चहाचा कप बशीवर वाजायचा. मीटिंगमध्ये ती दर पाच मिनिटांनी हेडफोन काढून वरची चाहूल घ्यायची. कॅमेरे लावले, अलार्म लावला. कॅमेऱ्यात माणूस येताना दिसतो, पण पुढे काय करायचं ते कॅमेरा सांगत नाही. सप्टेंबरात एका संध्याकाळी जेवताना तिनं केदारला सांगितलं, "मी पिस्तूल घेणार आहे."

केदार आधी चिडला, मग त्यानं समजावलं, आणि शेवटी गप्प झाला. आठवड्यातले पाच दिवस घरात नसणाऱ्या माणसाला याहून जास्त बोलायचा हक्क नाही, हे त्याचं त्यालाच कळत होतं. आन्या फोनवर म्हणाली, "आई, आर यू सिरियस? यू?"

"हो, मीच," नीलांबरी म्हणाली.

तिनं सगळं रीतसर केलं. दिवसभराचा सुरक्षेचा वर्ग केला, वहीत टिपणं काढली, पोलीस ठाण्यात अर्ज भरून लायसन्स आणलं. अडलं ते मनगटापाशी. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढल्याशिवाय ते भरताही येत नाही आणि रिकामं आहे का ते बघताही येत नाही. दुकानातल्या एकाही पिस्तुलाची स्लाइड तिला ओढवेना. दुकानातली डार्लीन सत्तरीकडे झुकलेली, बोटांच्या सांध्यांत गाठी आलेली बाई होती. ती म्हणाली, "थांब. नोव्हेंबरात एक नवं डिझाइन येतंय. माझ्यासारख्या हातांसाठीच केलंय. आलं की फोन करते."

तो फोन नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी आला. शुक्रवारी मंडळातल्या वसुधाकाकू गुरुनाथांपाशी बसायला यायच्या. त्या दिवशी नेमका त्यांना ताप भरला. नीलांबरीनं क्षणभर विचार केला आणि गुरुनाथांना कोट चढवला, टोपी घातली.

"कुठे निघालो?" त्यांनी विचारलं.

"दुकानात, बाबा. पाच मिनिटांचं काम आहे."

दुकान टायरवाल्याच्या शेजारी होतं. आत तेलाचा आणि शिळ्या कॉफीचा वास. नीलांबरीनं गुरुनाथांना काउंटरच्या कडेला खुर्चीवर बसवलं. डार्लीननं रबरी चटई पसरली, पिस्तूल काढलं, काडतुसं भरायचं मॅगझीन बाहेर काढून ते रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं आणि मगच तिच्या हातात दिलं.

नीलांबरीचा पेशाच तपासणीचा. नव्या वस्तूकडे पहिल्यांदा बघताना मनात यादी सुरू व्हायची. वजन वाटलं होतं त्याहून कमी. मूठ बारीक, करंगळीसुद्धा नीट बसते. मुठीच्या पाठीला एक कळ आहे. तळहाताखाली ती पूर्ण दाबली गेली तरच चाप ओढता येतो. मग तिनं श्वास रोखून स्लाइड ओढली. ती आली. जरा जड कपाटाचा खण ओढावा तशी, कुठेही न अडकता मागे आली आणि सोडल्यावर खटकन जागेवर गेली. मनगटात कळ उठली नाही.

"अजून एकदा," डार्लीन हसत म्हणाली.

तिनं चार-पाचदा ओढली. मग शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांत धरून समोरच्या भिंतीवरच्या गोल खुणेवर नेम धरला. पुढचा हिरवा ठिपका मागच्या खाचेत येऊन बसला आणि तिथेच राहिला. हलला नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा हात थरथरत नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं. छातीवरची शिळा कुणीतरी उतरवली असावी तसा लांब श्वास बाहेर पडला आणि त्याच श्वासाबरोबर पिवळ्या जाकिटातला तो माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. या वेळी तो तिला घाबरला होता. ते तिला आवडलं. किती आवडलं ते कळल्यावर मात्र तिनं पिस्तूल घाईनं चटईवर ठेवलं.

"हेच," ती म्हणाली.

"फॉर्म आणते," म्हणून डार्लीन वळली. नीलांबरी पर्समध्ये लायसन्स शोधू लागली. तेवढ्यात शेजारून खटका ऐकू आला.

गुरुनाथ उठून काउंटरशी आले होते. पिस्तूल त्यांच्या हातात होतं, नळी जमिनीकडे, बोट चापापासून दूर. त्यांनी मुठीतली मॅगझीनची रिकामी जागा पाहिली, स्लाइड ओढून अडकवली, आत डोकावून बघितलं आणि करंगळीचं टोक घालून चाचपलंही. "मोकळं," ते स्वतःशी म्हणाले. ज्या माणसाला सकाळी सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती, त्याचे हात एकदाही चुकले नाहीत.

डार्लीन थबकून बघत राहिली. "ही इज अ प्रो," ती कौतुकानं म्हणाली.

आणि नीलांबरीकडे बघून गुरुनाथ अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "नीलांबरी, स्प्रिंग हलकी आहे गं याची. काडतूस कुठलं वापरतात?"

आठ महिन्यांनी त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. त्याच वेळी दुकानाचं दार उघडलं आणि खोकी घेऊन एक कुरिअरवाला आत आला. अंगात चमकदार पट्ट्यांचं जाकीट.

गुरुनाथ वळले. त्यांचा चेहरा बदलला. स्लाइड खटकन पुढे गेली, हात वर झाला आणि पिस्तूल त्या माणसाच्या छातीवर रोखलं गेलं.

"कोण रे तू? पास कुठाय तुझा?"

खोकी जमिनीवर पडली. पलीकडच्या काउंटरवरच्या दाढीवाल्या विक्रेत्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. त्याला मराठी कळत नव्हतं, पिस्तूल रिकामं आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला दिसत होता तो फक्त नेम धरलेला एक म्हातारा.

"रिकामं आहे! मी तपासलंय! कुणी हलू नका!" डार्लीन ओरडली.

त्या दोन हातांच्या मध्ये आपण कशी जाऊन उभी राहिलो, ते नीलांबरीला नंतर कधीच सांगता आलं नाही. नळी आता तिच्या गळ्याशी होती. गुरुनाथांच्या नजरेत ओळख नव्हती. तीही त्यांना परकीच झाली होती.

"बऱ्हाटे साहेब," ती म्हणाली. "लॉट पास झाला. सही राहिलीय तुमची."

ते बघत राहिले. "कुठला लॉट?"

"सकाळचा. वरून माणूस आलाय न्यायला. सही केलीत की सुटला."

गुरुनाथांनी हात खाली घेतला, पिस्तूल चटईवर ठेवलं आणि सदऱ्याच्या खिशाला हात लावला. "पेन?"

डार्लीननं पेन पुढे केलं. तिच्याच हातातल्या कोऱ्या फॉर्मच्या कोपऱ्यात गुरुनाथांनी नागमोडी सही केली, खाली तारीख घातली. एकोणीसशे ब्याण्णव सालची.

कुरिअरवाला बाहेर फुटपाथवर जाऊन बसला होता. दाढीवाल्यानं पाठ फिरवून दोन्ही तळहात काचेवर टेकवले होते. डार्लीननं पिस्तूल आत ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि काउंटरला वळसा घालून नीलांबरीपाशी आली.

"चूक माझी. मी वळायला नको होतं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी मिळते. पण..."

"ते उघडतील," नीलांबरी म्हणाली. "वेळ लागेल, पण उघडतील."

डार्लीननं मान हलवली. तिनं पुढे काही विकायचा प्रयत्न केला नाही.

गाडीत गुरुनाथ खिडकीबाहेर बघत शांत बसले होते. नीलांबरीनं किल्ली फिरवली नाही. हात पुन्हा थरथरत होता, आता दोन्ही. पेटी उघडायला त्यांना अर्धी दुपार लागेल, तेवढा वेळ त्यांच्याकडे रोजच असतो. आणि मीटिंग संपवून जिन्यातून वर येणारी ती त्या क्षणी सून असेल की चोर, हे कुणी सांगावं?

संध्याकाळी केदार आला. तिनं सगळं सांगितलं, तिच्या गळ्याशी आलेल्या नळीसकट. मग दोघांनी उपाय काढले. राहिलेले दागिने बँकेत ठेवायचे, तिचं टेबल बेसमेंटमधून वर जेवणाच्या खोलीत आणायचं, तो बॉसशी बोलून प्लँटचे दिवस कमी करणार. सगळे शहाणपणाचे होते. एकाही उपायानं तिचा हात त्या दुपारच्या अर्ध्या मिनिटासारखा स्थिर होणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

"आत्ता नको," ताटं उचलताना केदार हळू आवाजात म्हणाला. "पुढे बघू. बाबा आहेत तोवर..."

वाक्य त्यानं तिथेच सोडलं. नीलांबरीनं त्याच्याकडे बघितलं नाही, कारण हेच वाक्य दुपारी गाडीत तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि तिच्या मनात ते पूर्ण झालं होतं.

बाहेरच्या खोलीतून गुरुनाथांनी हाक मारली, "अहो बाई, कुणी आहे का घरात?"

"आले, बाबा," ती म्हणाली आणि हात पुसत त्यांच्याकडे गेली.