नळीवरचं नाव

उमरग्याच्या लॅबमध्ये रक्त घेणारे ते गृहस्थ सुई टोचण्याआधी दंडावर दोन बोटं ठेवून क्षणभर डोळे मिटतात. शीर त्यांना पहिल्याच खेपेला सापडते. लकव्यानंतर माझ्या वडिलांची, अण्णांची, स्मरणशक्ती विरत चालली, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी लावली.

"मेंदू झिजला की त्याचा बारीक चुरा रक्तात उतरतो. पुण्याच्या मशीनला त्यो दिसतो," ते सांगतात. दर वेळी ऐकून मी थक्क होतो.

पेशंटनं स्वतः नाव सांगितल्याशिवाय ते नळीवर लिहीत नाहीत. परवा अण्णांना स्वतःचं नावच आठवेना. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्या गृहस्थांनी बोट वर करून मला थांबवलं. बाहेर रांग कुरकुरत होती.

"घाई न्हाय, अण्णा. तुमी सांगा, मग आमी लिवतो."

बऱ्याच वेळानं अण्णांनी नाव सांगितलं, आजोबांच्या नावासकट. रिपोर्टात काय येणार, ते त्या गृहस्थांना तेव्हाच कळलं असावं. तरी त्यांनी नाव सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं आणि नळी आधी अण्णांना वाचायला दिली.

अण्णांनी ती वाचली आणि चांगला हात आपणहून पुढं केला.