समोर काय हाय, सर?

जगात भित्री माणसे पुष्कळ असतील. परंतु इतक्या नियमितपणे, इतक्या तपशिलाने आणि इतक्या आनंदाने भिणारा माणूस माझ्या अकोल्याच्या व्याह्यांखेरीज दुसरा असेल असे मला वाटत नाही. सामान्य माणूस ज्या वस्तूला भितो तिच्यापासून लांब पळतो. व्याह्यांनी आपल्या भीतीला चार चाके लावून घेतली होती आणि दर रविवारी सकाळी ते तिच्यात बसून हिंडायला जात.

ही भीती म्हणजे विलायती बनावटीची, हिरव्या रंगाची, दोन दारांची एक लहानशी मोटार. व्याही एका जिनिंग फॅक्टरीत फोरमन होते. मालकांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली आणि पुढे सरकीच्या गोदामात विसरली गेलेली ही गाडी त्यांनी निवृत्तीच्या वेळी मागून घेतली. गाडीचे वय त्यांच्याहून दोनच वर्षांनी कमी. तरुण वाचकांनी अशी गाडी पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. वळण्याची खूण करायला तिला लुकलुकणारे दिवे नव्हते. दोन्ही दारांमागच्या खांबांत वीतभर लांबीचा एकेक केशरी हात दडवलेला असे; कळ दाबली की तो टपकन बाहेर येई, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाचा येतो तसा. डावीकडचा हात मात्र अभ्यास न केलेल्या मुलाचा होता. तो आतच राही. मग डाव्या आसनावर बसलेल्या माणसाने खांबावर मूठ हाणायची, अशी पद्धत होती. "ठोका, सर," व्याही म्हणत, "भीड नका धरू. घरचाच हाय."

मी लेकीकडे अकोल्याला आलो की डावे आसन माझे. मी अमरावतीचा, चौतीस वर्षे शाळामास्तर आणि स्वभावाने सावध. अशा वाहनात आपण होऊन बसणारा नव्हे. परंतु मी मुलीचा बाप. व्याही दार उघडून "बसा" म्हणाले असता "नको" म्हणण्याची रीत आमच्याकडे अजून पडलेली नाही. विहीणबाईंवर असले बंधन नव्हते. "मले जीव प्यारा हाय बावा. तुमी दोघं व्हा पुढं, मी एसटीनं येतो," असे म्हणून त्या आमच्यानंतर निघत आणि आम्ही मूर्तिजापूरला पोहोचावे तो स्टँडवर चहा घेऊन, तोंड पुसून उभ्या असत.

व्याह्यांच्या भीतीला नियम होते. गाडीसमोर 'भंगार' हा शब्द उच्चारायचा नाही. अगदीच गरज पडली तर ते मला रस्त्याकाठच्या रसवंतीमागे नेऊन कानात बोलत. गाडीची स्तुती करायची नाही, कारण ती ऐकून बिघडते. दुसऱ्या कुणाच्या नव्या गाडीकडे तर हिच्यात बसून पाहायचेही नाही. एकदा बोरगावपाशी एक चकचकीत पांढरी गाडी आमच्या शेजारून गेली आणि मी सहज मान वळवली. पुढच्याच फर्लांगावर आमचे इंजिन बंद पडले. व्याह्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, मी ज्या मुलांकडे आयुष्यभर तसे पाहिले त्या सर्वांची मी मनोमन क्षमा मागितली.

सगळ्यांत मोठे भय उन्हाचे. वऱ्हाडातला मे महिना काय असतो हे वऱ्हाडी माणसाला सांगणे नको. अशा गाडीचे त्यात काय होते तेवढे सांगतो. पेट्रोल नळीतून इंजिनात जाण्याआधीच त्याची वाफ होते, वाफ नळीत अडकून बसते आणि गाडी थांबते. इतरत्र लोक अशा वेळी पंपावर ओले फडके टाकतात. व्याह्यांनी कूलरच्या ताटीतली खस उपटून ती पंपाभोवती सुतळीने बांधली होती. त्यामुळे आमची गाडी हॉर्नच्या आधी वासाने ओळखू येई. अडचण एवढीच की खस सुकली तर पेट घेईल. म्हणून पाण्याची सुरई माझ्या मांडीवर, आणि दर दहा किलोमीटरला उतरून शिंपण करण्याचे काम माझ्याकडे. ती सुरई पोटाशी धरून मी किती वेळा मनातल्या मनात माझी शोकसभा घेतली असेल, त्याची गणना नाही.

आणि या सगळ्यावर एक प्रश्न. तीसच्या वेगाने गाडी चालवताना व्याही दर अर्ध्या मिनिटाला विचारत, "समोर काय हाय, सर?"

"ट्रॅक्टर आहे. डावीकडून येतो आहे. मागे ट्रॉली, ट्रॉलीत कडबा."

"अन् त्याच्या मांगं?"

"एक मोटारसायकल. तिघे बसले आहेत. मधल्याच्या हातात बकरी."

"बकरीचं तोंड कोन्या बाजूले?"

"आपल्या बाजूला."

"मंग घ्या ब्रेक," असे स्वतःलाच सांगून ते ब्रेक दाबत. मी रस्ता असा शुद्धलेखनासारखा, शब्द शब्द तोडून सांगत असे आणि त्यांना ते फार आवडे. "सून सांगते तं घाईघाईनं सांगते," ते म्हणत. "तुमी सांगता तं डोळ्यापुढं उभं राह्यते." शिक्षकाला याहून मोठी पावती नसते. मी खूष होऊन आणखी तपशिलाने सांगू लागे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात या भीतीचा कळस झाला. अशा जुन्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नोंदणी पुढे चालू ठेवावी लागते. नोंदणी मालकांच्या वेळेपासून अमरावतीची. गाडी नापास झाली तर तिचे काय होणार, तो शब्द मी इथेही लिहीत नाही. व्याह्यांनी दोन महिने जेवणात लक्ष घातले नाही. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "सर, तुमी या. समोरचं सांगाले तुमीच पायजे." तेव्हा अमरावतीत राहणारा मी, अमरावतीला जाण्यासाठी, सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो.

त्या प्रवासात सुरई दोनदा भरली, खस एकदा धुरावली, आणि बडनेऱ्याच्या पुलावर एक ट्रक आमच्यापासून इतक्या जवळून गेला की त्याच्या मागे लिहिलेला शेर मला अजून पाठ आहे. ट्रक दिसताच मी ओरडलो होतो. व्याह्यांनी गाडी बाजूला ओढली ती माझ्या ओरडण्यानंतर, आधी नव्हे. हे मी तेव्हा पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

तपासणी करणाऱ्या तरुण निरीक्षकबाईंनी गाडी वाकून, झोपून, ठोकून पाहिली. ब्रेक लागले. दिवे लागले. "आता डावीकडचा इंडिकेटर," त्या म्हणाल्या. व्याह्यांनी डोळे मिटले, मी खांबाकडे मूठ नेली. आणि मूठ पोहोचण्याच्या आतच तो केशरी हात स्वतःहून, ताठ, बाहेर आला. बाई हसल्या. "काका, गाडी पास. पाच वर्षं बघायला नको. आता फक्त तुमचं लायसन दाखवा."

व्याह्यांच्या पिशवीत गाडीचे अकरा कागद होते, प्रत्येक निराळ्या प्लास्टिकमध्ये. त्यांचा स्वतःचा परवाना मात्र संपून आठ महिने झाले होते. गाडीची एकेक तारीख तोंडपाठ असलेल्या माणसाला त्याचा विसर कसा पडला, याचे मला आश्चर्य वाटले. गाडी माझ्या अंगणात उभी केली. परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता; वर मोठी अक्षरे, खाली लहान. डॉक्टरांनी व्याह्यांना खुर्चीवर बसवले आणि विचारले, "सांगा काका, समोर काय दिसतं?"

व्याह्यांनी डोळे बारीक करून तक्त्याकडे पाहिले. मग केवळ सवयीने त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"समोर काय हाय, सर?"

चौतीस वर्षे मी नव्या शिक्षकांना सांगत आलो होतो: एखादा मुलगा फळ्याकडे न पाहता शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहू लागला, तर त्याला मारू नका, त्याची नजर तपासून घ्या. आणि तीन वर्षे माझ्या शेजारी बसून एक माणूस माझ्या वहीत पाहून गाडी चालवत होता. मला भीती कशी असते हे त्या खुर्चीशेजारी कळले. खस, वाफ, ट्रक, सगळे खेळ होते. खरी भीती ही की, एखाद्या दुपारी मला डुलकी लागली असेल. एखादा सायकलवाला माझ्याकडून सांगायचा राहिला असेल.

डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. गेलेली नजर परत येणारी नव्हती. उरलेली सांभाळायची होती. बाहेर बाकावर बसल्यावर मी व्याह्यांवर पहिल्यांदा आवाज चढवला. "सांगितलं का नाही? कुणाचा जीव गेला असता म्हणजे?"

"चुकलंच, सर," ते खाली पाहत म्हणाले. "सांगतलं असतं तं चाबी काढून घेतली असती पोरानं. मले वाटे, तुमी बसता ना बाजूले. चालून राह्यलं होतं." मग कागदांची पिशवी चाचपत म्हणाले, "गाडीले पाच वर्षं भेटले पन."

गाडी माझ्या अंगणातच राहिली. माझ्याकडे परवाना होता, सराव नव्हता. व्याही महिन्यातून एकदा विहीणबाईंबरोबर एसटीने येत आणि शाळेच्या मैदानावर मला शिकवत. मी क्लच झटक्याने सोडून गाडी बंद पाडली की म्हणत, "असा नाही, सर. पोरगी आमच्याकडं सोडली होती तसा सोडा. रडत रडत, पन हळू."

आता ते डाव्या आसनावर सुरई घेऊन बसतात आणि मी तीसच्या वेगाने, घामाघूम होऊन, चालवतो. परवा वरूडच्या रस्त्याला गेलो होतो. "समोर काय हाय, सर?" त्यांनी विचारले. पूर्वी मी फक्त रस्त्यावरचे तेवढे सांगत असे. आता सगळेच सांगतो. विहिरीवर वाळत घातलेले लुगडे सांगितले, क्रेट भरणाऱ्या बाया सांगितल्या. संत्र्याच्या बागेपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "राहू द्या. फुलावर आली बाग. वास येऊन राह्यला."

बागेत वळायचे होते. मी कळ दाबली. व्याह्यांनी न सांगता खांबावर मूठ हाणली आणि माझ्याकडे तोंड करून विचारले, "निघाला का हात?"

मी आरशात पाहिले. मागे दूरवर कुणी नव्हते. खांबातला हात आतच होता. चौतीस वर्षांत मी चुकीच्या उत्तराला अर्धा गुणही दिलेला नाही.

"निघाला," मी म्हणालो, आणि गाडी हळूच डावीकडे वळवली.