मोटेवरचा पाढा

चार भिंतींच्या आत बसून जगात कुणाचंही भलं झालेलं नाही, यावर आमच्या वहिनीच्या मामांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावरही नव्हती. देव तरी शेवटी गाभाऱ्यात बसलेला, म्हणून त्याच्या तब्येतीबद्दलही त्यांना शंकाच असे. "त्येला बी येकदा भाईर काडून ऊन दावाय पायजे," असं ते आपल्या गावच्या, चिखलीच्या मारुतीकडे बघून म्हणत, आणि पुजारी चिडला की त्यालाही उन्हात बसायला सांगत. अंगात ताप असेल, हाड मोडलं असेल, तर मामा मुकाट्याने डॉक्टरकडे बोट दाखवत. पण झोप उडाली, भूक मेली, माणूस उगाच रडायला किंवा उगाच भांडायला लागला, की तो रोगी मामांचा. औषध एकच, 'काढा त्याला बाहेर'. स्वतः मामा दिवसाउजेडी घरात पाऊल टाकत नसत. जेवण बांधावर, दाढी चिंचेखाली, पाहुण्यांशी बोलणं गोठ्याच्या अलीकडे. एका सोयरिकीची बोलणी त्यांनी नांगर धरून केली होती. मुलाकडचे चार जण नांगराच्या तासातून त्यांच्यामागे चालत होते, आणि दुपारपर्यंत लग्न आणि नांगरट दोन्ही उरकलं.

त्यांची तपासणीची पद्धतही जगावेगळी. नाडी नाही, जीभ नाही. समोरच्याला खाली बसवायचं आणि म्हणायचं, "तळवं दावा." तळवे राठ, भेगाळलेले असले की माणूस ठणठणीत. मऊ असले की मामा मान हलवत, "पाव झालाय निस्ता. मातीला शेवटचा पाय कवा लागला व्हता?" मग उपचार सुरू. एका तलाठ्याला सारखं वाटायचं की आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे. मामांनी त्याला आठ दिवस शेळ्या राखायला लावल्या. आता पाळत त्यानेच ठेवायची होती, आणि शेळ्या कुणालाही संशय घ्यायला फुरसत देत नाहीत. भावकीतलं एक जोडपं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हतं. त्यांना मामांनी एकाच वाफ्याच्या दोन टोकांना खुरपायला बसवलं. मधे पोचल्यावर नवरा म्हणाला, "सरक जरा." बायको म्हणाली, "तुमीच सरका." मामा बांधावरून ओरडले, "बोलली! बोलली!" पुढे ते दोघं इतकं बोलायला लागले की शेजाऱ्यांनी मामांना बोल लावला.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण मामांचा सर्वांत अवघड रोगी मीच होतो.

आम्ही चिंचवडचे. वडील आणि दादा कारखान्यात, आणि घराण्यातला पहिला मास्तर मी. थेरगावच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. त्या वर्षी श्रावणात आई गेली. तेराव्यानंतर मी लगेच शाळेत रुजू झालो, सगळे म्हणाले पोरगं धीराचं आहे. आणि कार्तिकात दिपोटीसाहेब तपासणीला आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आमच्याकडे दिपोटी म्हणत. त्यांनी एकोणतिसाचा पाढा घ्यायला सांगितला. आधी मी म्हणायचं, मागून वर्गाने. एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक... आणि माझा आवाजच गेला. आकडा ठाऊक होता, तोंड उघडं होतं, पण आतून काही येईना. चाळीस पोरं आ करून बघत होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी खडू ठेवला, घरी आलो आणि भिंतीला टेकून बसलो. दुसऱ्या दिवशी उठलो नाही. पंधरवड्यात बोलणं पार थांबलं. वहिनी ताट आणून ठेवायची आणि तसंच परत न्यायची.

वडिलांनी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वहिनीच्या निरोपावरून मामाही आले, पण दवाखान्यात शिरेनात, खिडकीबाहेर उभे राहून आत बघत राहिले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत उजेड पाडला आणि वडिलांना म्हणाले, "शिमग्यापर्यंत वाट बघू. नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागेल." शाळेनेही रजा शिमग्यापर्यंतच दिली होती. एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "सायेब, तुमचं झालं? आता तुमचं तळवं दावा." डॉक्टर इतके चकित झाले की त्यांनी खरंच बूट काढले. मामांनी गजांतून मुंडकं घालून निरखून पाहिलं. "ह्येंची गत तर मास्तरापरीस वाईट हाय. सायेब, तुमी बी आठ दिस या आमच्याकडं." डॉक्टर आले नाहीत. मला मात्र मामांनी तिथूनच बैलगाडीत घालून चिखलीला नेलं.

मामांनी मला एकदाही आजारी म्हटलं नाही. "मास्तर, उठा." "मास्तर, भाकर." माझं मास्तरपण जायची वेळ आली होती आणि हा माणूस रोज शंभरदा मला मास्तर म्हणे, मला संताप यायचा. पहाट फटफटली की दवातून अनवाणी इंद्रायणीपर्यंत चालत न्यायचे, वाटेत सगळं जग मला समजावून सांगायचे आणि उत्तराची वाट बघायचे. उत्तर आलं नाही की "बरं, उद्या सांगा," म्हणून पुढे. पौषात त्यांनी माझ्याकडून कांद्याची रोपं लावून घेतली. एका वाफ्यापाशी काठी रोवून सगळ्या गावाला सांगितलं, "ह्यो वाफा मास्तरांचा." मला झोप लागायला लागली. तीन-तीन भाकरी जायला लागल्या. तळवे तर असे झाले की मामा ते येणाऱ्याजाणाऱ्याला उचलून दाखवत. पण तोंड काही उघडेना, आणि शिमगा तीन आठवड्यांवर आला.

तेव्हा एका सकाळी मामांनी मला विहिरीवर नेलं. विहिरीवर मोट होती. खैऱ्या आणि हौश्या ही बैलजोडी उतारावरून खाली गेली की नाडा ओढला जाऊन भरलेली मोट वर यायची आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी व्हायची, बैल मागे सरकत वर आले की मोट पुन्हा पाण्यात. त्या उताराला धाव म्हणतात. मामांनी कासरा माझ्या हातात दिला. "मास्तर, आजपासनं मोट तुमची. ही बैलं हाकंबिगर पाऊल टाकत न्हाईत, मारलं तरी न्हाईत. तुमी बोलला तर पानी, न्हाईतर न्हाई. आन् तुमी बोलल्याबिगर म्या बी बोलणार न्हाई." एवढं बोलून त्यांनी मुंडाशाचा शेव सोडला आणि स्वतःच्या तोंडाला करकचून बांधला.

मामा गप्प! अख्खी चिखली बघायला आली. आळंदीची वाट विचारणाऱ्या एका वाटसरूला त्यांनी हाताने वाट दाखवली, पण राहवेना, म्हणून त्याला खुणेनेच खाली बसवून तळवे पाहिले. तो घाबरून वहाणा तिथेच टाकून पळाला. इकडे मी नाडा ओढून बघितला, बैलांच्या पाठी थोपटल्या, टाळ्या वाजवल्या. खैऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि रवंथ करू लागला. चाळीस पोरं आठवली. मी कासरा टाकून गोठ्यात जाऊन बसलो. मामा मागोमाग आले, माझ्या बखोटीला धरून मला बाहेर उभं केलं आणि परत थारोळ्याच्या काठावर जाऊन बसले.

असे चार दिवस गेले. कांद्याच्या पाती पिवळ्या पडल्या. मामी कपाळ बडवून घेत होती. "अवं, समदं रान वाळवता का ह्या येका मानसापायी? लेकरांच्या तोंडात काय माती घालू? हाका की मोट!" मामांनी मान हलवली. त्यांचा मोठा मुलगा मोटेकडे निघाला तर मामा धावेवर आडवे झाले. मामी मग माझ्यासमोर आली. मला वाटलं शिव्या देईल. तिने हात जोडले. "मास्तर, येक हाळी द्या वो. त्यो मानूस हट्टाचा हाय. समदं जळंल, पर त्यो उठायचा न्हाई."

पाचव्या दिवशी सकाळी मी माझ्या वाफ्यापाशी गेलो. रोपं आडवी झाली होती. मी माझ्या हाताने लावलेली, एकेक. आणि मला असा काही राग आला! मामांचा, बैलांचा, दिपोटीचा, न सांगता निघून गेलेल्या आईचासुद्धा. तरातरा विहिरीवर गेलो, कासरा उचलला, तोंड उघडलं. हाळी कशी देतात हे मला कुठे ठाऊक! मास्तराच्या तोंडून जे यायचं तेच आलं.

"एकोणतीस एके एकोणतीस!"

आवाज घोगरा, गंजलेला, पण आवाज. हौश्याने कान टवकारले. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" बैल चालू लागले. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" नाडा ताणला गेला, चाक कुरकुरलं, मोट पाण्याबाहेर आली. "एकोणतीस चोक..." आणि पुन्हा तेच. तोंड उघडं, आत काही नाही. मी थांबलो तसे बैलही अर्ध्या धावेवर थांबले. भरलेली मोट विहिरीवर लोंबकळत होती आणि तिच्या भाराने बैलांचे पाय मागे घसरायला लागले. आता ते दोघे विहिरीत जाणार हे मामांना दिसत होतं. डोळे बाहेर आले होते, मुठी आवळल्या होत्या, पण तोंडावरचं फडकं त्यांनी काढलं नाही. हा माणूस आपली जोडी घालवील, पण माझ्या आधी बोलणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

"सोळोदरसे!" मी ओरडलो. एकशे सोळाला पाढ्यात सोळोदरसे म्हणतात. असा ओरडलो की पिंपळावरचे बगळे उडाले. बैलांनी मान खाली घालून जोर लावला, मोट वर आली आणि भसकन् थारोळ्यात रिकामी झाली.

मामांनी फडकं ओरबाडून काढलं. चार दिवसांच्या मौनानंतर पहिले शब्द मामीसाठी होते. "अगं, बगतीस काय, वाफ्यांची दारं धर! पानी फुकट चाललंय!" मग ते थारोळ्याशी वाकले आणि ओंजळीने तोंड धूत राहिले. बराच वेळ धूत राहिले. मी दिवसभर मोट हाकली. संध्याकाळपर्यंत माझे पाढे तिसापर्यंत सगळे होऊन पावकी, म्हणजे पावाचा पाढा, सुरू झाली होती.

शिमग्यानंतर मी शाळेत रुजू झालो. इस्पितळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पण चिखलीत वेगळाच घोटाळा झाला. बैलांना पाढ्याची सवय लागली होती आणि मामांच्या जुन्या हाळीला ते हलेनात. महिनाभराने मामा सहा-सात मैलांची पायपीट करून थेरगावच्या शाळेबाहेर हजर. "मास्तर, बैलं शिकली आन् म्या ऱ्हायलो अडाणी. शिकवा." वर्गात काही ते आले नाहीत. खिडकीबाहेर उभे राहून, गज धरून, पोरांबरोबर मोठ्याने म्हणू लागले. त्यांच्या आवाजापुढे पोरांचा आवाज ऐकूच येईना. शेवटी मी वर्गच चिंचेखाली नेला, आणि पुढे तो तिथेच राहिला. दिपोटीसाहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी विचारलं, हा चौथीतला पागोटेवाला कोण? मी म्हणालो, "माझे डॉक्टर."

चार-पाच वर्षांनंतरची गोष्ट. मामांच्या थोरल्याने विहिरीवर इंजिन बसवलं. त्याचं काही चुकलं नाही, सगळेच बसवत होते. हौश्या म्हातारपणाने गेला होता, खैऱ्या एकटा काय करणार, त्याला चाकणच्या बाजारात नेलं. इंजिनाला हाक लागत नाही. काही महिन्यांनी वहिनी चिखलीला मामांकडे जाऊन आली आणि चुलीपुढे नुसतीच बसली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "भावजी, मामा घरात बसलेत. भिंतीला टेकून."

मी तसाच निघालो. मामा खरंच माजघरात होते. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि मामा आत. मला ओळखलं, पण बोलले नाहीत. मामी म्हणाली, दोन महिने झाले, हूं का चूं नाही. मी खाली बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळवा मऊ झाला होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग बखोटीला धरून म्हणालो, "मामा, उठा." मोठा मुलगा म्हणाला, डॉक्टरांनी निजून राहायला सांगितलंय. मी ऐकलं नाही. या बाबतीत मी मामांचा चेला.

धावेवर गवत माजलं होतं. पलीकडे इंजिन फटफटत होतं, ते बंद करायला लावलं. मामांचा हात धरून मी वर उभा राहिलो आणि म्हणालो, "एकोणतीस एके एकोणतीस." एक पाऊल टाकलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." मामा माझ्याबरोबर उतरत होते, अनवाणी, अंदाज घेत. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक..." आणि मी थांबलो. या वेळी मुद्दाम थांबलो. मनाशी ठरवलं, संध्याकाळ झाली तरी चालेल, ते बोलल्याशिवाय मी बोलणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मामा धावेच्या मध्यावर उभे होते, तोंड थोडं उघडं, आतून काही येत नव्हतं. ते काय असतं हे मला ठाऊक होतं. मी फक्त हात घट्ट धरून ठेवला.

"सोळोदरसे," मामा म्हणाले. आवाज घोगरा, गंजलेला. मग माझ्याकडे वळून, जुन्याच रागाने, "मास्तर, अजून तितंच अडता व्हय?"

"होय मामा," मी म्हणालो, "अजून तिथंच अडतो."

त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. पुढे दोन वर्षं, ते होते तोवर, दर रविवारी मी चिखलीला जात असे आणि आम्ही दोघं त्या धावेवरून पाढा म्हणत उतरत असू. चोकापाशी मी दर वेळी अडायचो, आणि मामा दर वेळी रागवायचे.